उपग्रह, गाव आणि सरकारी पैसा : १९७५-७६ च्या एका प्रयोगाविषयी

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चे लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले आणि त्याच रात्री एक जुना वाद पुन्हा उभा राहिला. एक पक्ष म्हणाला, शाळांची छपरे गळत असताना हा खर्च कशाला? दुसरा म्हणाला, सुमारे सहाशे कोटींत चंद्र गाठला, एवढ्या पैशांत परदेशी चित्रपटही होत नाहीत. दोन्ही पक्षांची वाक्ये आम्ही गेली वीस वर्षे ऐकत आलो आहोत. नोव्हेंबर २०१३ मध्ये मंगळयान सुटले तेव्हाही तीच होती. खर्च स्वस्त की महाग, एवढ्यावरच हा वाद संपतो. सरकारी तिजोरीतून अवकाशात गेलेला पैसा समाजाकडे परत येतो तो कोणत्या वाटेने, आणि ती वाट कुठे तुटते, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. वास्तविक या देशात तो प्रश्न एकदा अत्यंत गांभीर्याने विचारला गेला होता, आणि उत्तर शोधण्यासाठी पूर्ण एक वर्ष खर्ची घातले गेले होते. त्या वर्षाविषयी येथे लिहावयाचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा या मच्छीमारांच्या गावातून पहिले अग्निबाण उडाले. ते अमेरिकी बनावटीचे होते. चुंबकीय विषुववृत्त या गावावरून जाते म्हणून ही जागा निवडलेली. गावचे सेंट मेरी मॅग्डलीन चर्च बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी शास्त्रज्ञांच्या हवाली केले आणि तेच पहिले कार्यालय झाले. ही कथा आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. तिच्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते विक्रम साराभाई यांनी त्या काळात केलेले समर्थन. गरीब देशाला अवकाश कशाला हवे, हा आक्षेप त्यांनी टाळला नाही. चंद्रावर, ग्रहांवर जाण्याच्या वा माणूस अवकाशात पाठवण्याच्या स्पर्धेत श्रीमंत राष्ट्रांशी बरोबरी करण्याचे स्वप्न आम्ही पाहत नाही, परंतु प्रगत तंत्रज्ञान माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या अडचणींसाठी वापरण्यात मात्र आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. हे विधान आज समारंभांतून इतक्या वेळा उद्धृत होते की त्यातला करार कोणाच्या लक्षातच येत नाही. सरकारने पैसा द्यावा आणि त्या पैशाचे मोल खेड्यातल्या माणसाच्या आयुष्यात मोजून दाखवावे, असा तो करार होता. साराभाईंनी मोजपट्टी स्वतःहून लोकांच्या हाती दिली होती.

ती लावून पाहण्याची संधी आली ती अमेरिकेमुळे. १८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताचा अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात करार झाला. नासाने आपला एक प्रायोगिक उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरू द्यावा. जमिनीवरील सर्व यंत्रणा आणि सर्व कार्यक्रम भारताने स्वतः उभे करावेत. पैशाची देवाणघेवाण नाही. अमेरिकेचा यात परोपकारच होता असे कोणी समजू नये. १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केल्यापासून आशियात भारताची वैज्ञानिक प्रतिष्ठा वाढावी असे वॉशिंग्टनमधील अनेकांना वाटत होते, आणि उपग्रहावरून थेट लहान संचांपर्यंत चित्र पोहोचवण्याचे तंत्र एवढ्या विस्तृत प्रदेशावर तपासून पाहण्याची सोय त्यांनाही हवीच होती. साराभाई मात्र हा प्रयोग पाहू शकले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवलम येथे त्यांचे निधन झाले. पुढची जबाबदारी सतीश धवन यांच्याकडे आली. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात यशपाल संचालक होते, आणि प्रयोगाचे व्यवस्थापन होते एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे. चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. अग्निबाण उडवणाऱ्यांची नावे मराठी माणसाला पाठ असतात. ज्याने गावोगावी दूरचित्रवाणी संच नेण्याची जुळवाजुळव केली त्याचे नाव अजूनही अनेकांना सांगावे लागते, हे आम्हांस विलक्षण वाटते.

प्रयोगाचे नाव होते सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्स्परिमेंट, आद्याक्षरांवरून ‘साइट’. एटीएस-६ हा उपग्रह मे १९७४ मध्ये सुटला, वर्षभर अमेरिकेत वापरला गेला आणि नंतर सरकवत सरकवत पूर्व आफ्रिकेच्या वर, विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आणून ठेवला गेला. त्याची छत्रीसारखी उघडणारी अँटेना ९ मीटर व्यासाची होती. आकाशातील छत्री एवढी मोठी असल्यामुळेच जमिनीवरची छत्री लहान आणि स्वस्त करता आली. गावात जी बसवली ती सुमारे ३ मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनवले. वीज नव्हती अशा काही गावांत ते बॅटरीवर चालत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर, रोज चार तास, अहमदाबाद आणि दिल्ली येथील भूकेंद्रांवरून कार्यक्रम उपग्रहाकडे जात आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उतरत. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांचा, संध्याकाळचे अडीच तास मोठ्यांचे: शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, थोडी करमणूक, बातम्या. (कोलंबोत राहणाऱ्या आर्थर सी. क्लार्क यांच्या घरीही भारतीय अभियंत्यांनी एक अँटेना नेऊन बसवली होती. भूस्थिर उपग्रहांवरून प्रक्षेपणाची कल्पना त्यांनी १९४५ मध्येच मांडलेली. गुरुदक्षिणाच म्हणायची.)

एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९७५ मध्ये दूरचित्रवाणी ही दिल्ली, मुंबई अशा मोजक्या शहरांची मिरास होती. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गालाही तिचे अप्रूप होते. दूरचित्रवाणी आधी शहरात येते, मग तालुक्याला, मग उरलीच तर खेड्यात, हा जगभरचा क्रम. ‘साइट’ने तो उलटा केला. रायपूर-बिलासपूरकडची, गुलबर्गा-रायचूर-विजापूरकडची, ओडिशातील संबळपूरकडची गावे आधी, आणि तीही मागासलेल्या भागांतील, म्हणून निवडलेली. सोलापूरच्या पलीकडे विजापूर जिल्ह्यातल्या गावांत संध्याकाळी पडदा उजळत होता तेव्हा खुद्द सोलापूर शहराला दूरचित्रवाणी ठाऊक नव्हती. सरकारी पैशाने चालणाऱ्या अवकाश-कार्यक्रमाचे समर्थन करावयाचे तर आम्ही चंद्राच्या आधी या उलट्या क्रमाचे नाव घेऊ. कोणत्याही खासगी कंपनीने, कोणत्याही काळात, रायचूरच्या कोरडवाहू गावापासून आरंभ केला नसता.

महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता. तरी मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम तयार झाले ते इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओत. हे कार्यक्रम आपल्या विषयाच्या दृष्टीने वेगळे आहेत, कारण पाठ्यपुस्तक वाचून दाखवायचे नाही, आसपासच्या वस्तूंकडे पाहायला लावायचे, हे धोरण तेथे होते. शिवाय सुट्टीच्या दिवसांत प्राथमिक शाळांतील सुमारे ५० हजार शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण याच उपग्रहावरून देण्यात आले. संच समोर, सोबत छापील साहित्य, आणि शंका सोडवायला प्रत्यक्ष माणूस. हा ‘प्रत्यक्ष माणूस’ पुढे आपल्या कथेत महत्त्वाचा ठरणार आहे.

आम्ही भाषेचे विद्यार्थी, म्हणून भाषेच्या बाजूवर थोडे रेंगाळू. उपग्रहावरून चित्र एकच जाई, ध्वनीच्या वाहिन्या दोन. म्हणजे एकच दृश्य एका गावात एका भाषेत आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या भाषेत ऐकू येई. हिंदी, उडिया, तेलुगू, कन्नड या चार भाषा. कागदावर ही व्यवस्था चोख दिसते. पण हिंदीच्या खात्यात टाकलेल्या बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान यांकडे पाहावे. बिलासपूरच्या गावात छत्तीसगढी बोलतात, उत्तर बिहारात मैथिली आणि भोजपुरी, राजस्थानात तर दर काही कोसांवर बोली बदलते. दिल्लीच्या स्टुडिओत लिहिलेली, संस्कृत शब्दांनी ताठ झालेली हिंदी या सर्वांसाठी एकच. शेतकऱ्याला खताची मात्रा सांगताना ‘उर्वरक’ म्हणायचे की ‘खाद’, यावर त्या संध्याकाळचे सगळे यश अवलंबून असते. ३६ हजार किलोमीटरचे अंतर अभियंत्यांनी जिंकले. शेवटचे दहा फूट, पडद्यापासून माणसाच्या कानापर्यंतचे, लेखकांनी जिंकायचे होते. ते सर्वत्र जिंकले गेले नाहीत.

याहून गंभीर प्रश्न काळाचा. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि पाचच आठवड्यांनी ‘साइट’ सुरू झाला. संध्याकाळच्या अडीच तासांपैकी अर्धा तास सर्व गावांसाठी समान, दिल्लीहून, हिंदीत. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसलेला, विरोधी नेते तुरुंगात, आणि ज्या गावांत वर्तमानपत्र कधी पोहोचलेच नव्हते तेथे सरकारचा आवाज चित्रासह पोहोचत होता. मोठ्यांच्या कार्यक्रमांची निर्मिती अवकाश-शास्त्रज्ञांच्या हाती नव्हती. ती आकाशवाणीच्या दूरचित्रवाणी विभागाकडे, म्हणजे माहिती आणि नभोवाणी मंत्रालयाकडे होती. (दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले ते १ एप्रिल १९७६ ला, प्रयोग चालू असतानाच.) ‘साइट’चे कौतुक करणारे बहुतेक लेख हा तपशील एका वाक्यात उरकतात. आम्हांस तसे करता येत नाही. गावात एकच संच, त्यावर एकच वाहिनी, तिच्यावर एकच सरकार: ही रचना शिक्षणाला जितकी सोयीची तितकीच प्रचाराला. कुटुंबनियोजन हा प्रयोगाचा जाहीर विषय होता आणि १९७६ मध्ये उत्तर भारतातील अनेक भागांत नसबंदीची सक्ती चालू होती. या वर्षात कुटुंबनियोजनाविषयीची जाणीव वाढल्याचे नंतरच्या पाहण्यांत आढळले. ती जाणीव पडद्याने वाढवली की भीतीने, हे त्या आकड्यातून उलगडत नाही.

मात्र त्या पाहण्या झाल्या, ही गोष्ट असामान्य आहे. ‘साइट’च्या आधी, चालू असताना आणि संपल्यावर गावोगावी मुलाखती घेण्यात आल्या, शिवाय काही गावांत मानवशास्त्राचे अभ्यासक महिनोन्महिने मुक्काम करून राहिले. निष्कर्ष सरकारला खूश करणारे नव्हते, नाराज करणारेही नव्हते. पहिल्या काही आठवड्यांत पडद्यासमोर गर्दी उसळली, मग नवलाई ओसरली आणि संख्या खाली आली. शेतीच्या पद्धतींत लक्षणीय बदल झाला नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. ज्या बियाण्याविषयी सांगितले ते तालुक्याच्या दुकानात नसेल तर ज्ञानाचे करायचे काय? शाळेतील हजेरीवर विशेष परिणाम दिसला नाही. स्त्रियांची उपस्थिती पुरुषांपेक्षा कमी होती. पण आरोग्य, पोषण अशा विषयांत जे शिकले गेले त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची, आणि साक्षरांपेक्षा निरक्षरांची वाढ अधिक होती. हा शोध आम्हांला संपूर्ण प्रयोगाचे मर्म वाटतो. ज्यांच्यापर्यंत दुसरी कोणतीही वाट जात नव्हती, त्यांनाच या वाटेचा सर्वाधिक उपयोग झाला. आणखी एक आढळले: शहरी निर्मात्यांना वाटले होते की खेडुतांना नाचगाणे हवे असेल. प्रेक्षक उपयोगाच्या कार्यक्रमांना जास्त टिकून बसत होते.

३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला. ठरल्याप्रमाणे उपग्रह अमेरिकेच्या बाजूला परत नेण्यात आला. त्यांपैकी काही गावांना पुढे जमिनीवरील प्रक्षेपकांमधून कार्यक्रम मिळू लागले, बाकीच्या गावांतील जाळीच्या छत्र्या नुसत्याच आकाशाकडे पाहत राहिल्या.

याच काळात अहमदाबादजवळ खेडा जिल्ह्यात एक लहान प्रयोग चालू होता. पिज नावाच्या गावात कमी शक्तीचा एक प्रक्षेपक, चारशेहून अधिक गावांत सामुदायिक संच, आणि अवकाश उपयोजन केंद्राचा स्वतःचा स्टुडिओ. कार्यक्रम गुजरातीत, तेही चरोतरच्या बोलीच्या वळणाचे. शेतमजुरांचे किमान वेतन, अस्पृश्यता, सावकारी असे विषय त्यांत आले, गावकरी स्वतः पडद्यावर आले, आणि साहजिकच गावातील बड्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. १९८४ मध्ये या उपक्रमाला ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी पिजचे प्रक्षेपण बंद करण्यात आले. एवढ्या कमी वाक्यांत इतका मोठा उपरोध इतिहासात क्वचित सापडतो.

कारण मधल्या काळात दिल्लीला दुसराच शोध लागला होता. १९८२ चे आशियाई खेळ, रंगीत दूरचित्रवाणी, १५ ऑगस्ट १९८२ पासूनचा राष्ट्रीय कार्यक्रम. त्या वर्षी सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून गेलेला इन्सॅट-१बी मात्र टिकला आणि त्याच्या आधारावर देशभर लहान प्रक्षेपकांचे जाळे विणले गेले. उपग्रह आता आपला होता, पण क्रम पुन्हा जगासारखा सुलटा झाला: आधी शहर. पी. सी. जोशी समितीने दूरदर्शनच्या कार्यक्रमांविषयी अहवाल देऊन विकासाचा मूळ हेतू आठवून दिला. तो अहवाल वाखाणला गेला आणि फडताळात गेला. साराभाईंनी ज्या खेड्याच्या नावाने पैसा मागितला होता, त्याच्या नावावर घराघरांत मालिका पोहोचल्या. आम्ही त्याच मालिकांवर वाढलेली पिढी आहोत, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचा आव आणणार नाही. परंतु हिशेब तो हिशेब.

शिक्षणाचा धागा मध्येमध्ये पुन्हा हाती घेतला गेला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाले. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट सोडण्यात आला. त्याच्या पूर्वतयारीच्या प्रयोगासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होते. एज्युसॅट सप्टेंबर २०१० पर्यंत चालला, आणि नंतर महालेखापरीक्षकांनी त्याच्या अपुऱ्या वापराबद्दल कठोर शेरे मारले. ते शेरे वाचून आम्हांला आश्चर्य वाटले नाही. त्या वर्षांत आमच्यापैकी काहीजण नुकतेच नोकरीस लागले होते. एका महाविद्यालयात छत्री गच्चीवर होती, संच कुलूपबंद खोलीत, आणि किल्ली रजेवर गेलेल्या लिपिकाच्या खिशात. उपग्रह आपले काम बिनतक्रार करीत असणार. शंका सोडवणारा ‘प्रत्यक्ष माणूस’ मात्र कोणाच्याही अंदाजपत्रकात नव्हता.

हे सर्व वाचून अवकाशावरील खर्च वायाच गेला असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्याने बंगालच्या उपसागराकडे पाहावे. नोव्हेंबर १९७७ मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळाने किमान दहा हजार माणसे मेली. मे १९९० मध्ये तसेच भीषण वादळ त्याच किनाऱ्यावर आले; या वेळी इन्सॅटची छायाचित्रे होती, आणि किनाऱ्यावरील गावांत उपग्रहावरून थेट भोंगा वाजवून स्थानिक भाषेत इशारा देणारी यंत्रे बसवलेली होती. लाखो लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा हजाराच्या आत राहिला. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाचे महाचक्रीवादळ आले. उपग्रहांनी ते पाहिले होते, इशाराही दिला गेला होता. पण पुरेसे निवारे नव्हते, माणसे हलवण्याची व्यवस्था नव्हती, आणि पुन्हा सुमारे दहा हजार बळी गेले. त्यानंतर ओडिशाने निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांची संख्या काही दशकांत मावली. १९९९ आणि २०१३ या दोन्ही वर्षी आकाशात डोळा होता. फरक जमिनीवर पडला.

आज अवकाश विभागाची वार्षिक तरतूद सुमारे १३ हजार कोटींची आहे (२०२४-२५ चा आकडा), आणि चंद्र, मंगळ, मानवी उड्डाण ही साराभाईंनी बाजूला ठेवलेली उद्दिष्टे तीत मध्यभागी आली आहेत. ती येऊ नयेत असे आम्ही म्हणत नाही. चंद्राच्या मातीचे विश्लेषण हेही ज्ञानच, आणि ज्ञानाला दर वेळी गावच्या चावडीवर हजेरी लावायला सांगणे हा कोतेपणा होईल. पण मग समर्थन तरी त्या नावाने व्हावे. भाषण करताना शेतकरी आणि मच्छीमार पुढे करायचे, आणि मोजताना प्रतिष्ठा मोजायची, हे जमत नाही.

२०२४ मध्ये इस्रोसाठी झालेल्या एका आर्थिक अभ्यासातून असा आकडा पुढे आला की अवकाश-कार्यक्रमावर खर्च झालेल्या प्रत्येक रुपयामागे अर्थव्यवस्थेला २.५४ रुपये मिळाले. तो आकडा वर्तमानपत्रांतून ठळक छापून आला. तो चुकीचा आहे असे समजण्यास आमच्यापाशी कारण नाही. फक्त १९७६ मध्ये खेड्यांत वह्या घेऊन हिंडणाऱ्या अभ्यासकांचा प्रश्न निराळा होता. ते कोणाही अर्थतज्ज्ञाकडे न जाता पडद्यासमोर बसलेल्या निरक्षर बाईकडे गेले आणि तिला विचारले, काल जे सांगितले त्यातले तुला काय समजले, आणि त्याप्रमाणे करायचे तर घरात तुझे कोण ऐकेल. २.५४ च्या आकड्यात ती बाई कुठे बसते, हे त्या अभ्यासाच्या बातम्यांत आम्हांस सापडले नाही.